विंडोज १० नंतर काय? जुन्या फॉन्टमधल्या मॅटरचा प्रश्न

कचेरीसमोरचा टंकलेखक
नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीसमोर माझे टंकलेखनाचे दुकान असून प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, हक्कसोडपत्रे अशी कामे रोज असतात. लॅपटॉप २०१६ सालचा आहे: आय५-६२००यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. विंडोज ११ साठी तपासणी केली, तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) चालू असल्याचे दिसते, पण प्रोसेसर बसत नाही असे उत्तर येते. शेजारचे दुकानदार म्हणतात, काहीतरी जुगाड करून ११ टाकून घ्या. भाचा म्हणतो, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घ्या. माझी खरी अडचण अशी की अकरा वर्षांचे मॅटर, म्हणजे टाइप केलेला मजकूर, एका जुन्या, डोंगलवर (यंत्राला लावायच्या किल्लीवजा उपकरणावर) चालणाऱ्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहे आणि माझा हात रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कळरचनेवर बसलेला आहे. यंदा नवे यंत्र घेणे शक्य नाही. काय करावे?

जुना हार्डवेअरवाला
तुमच्या आय५ च्या पुढच्या आकड्यातला पहिला अंक म्हणजे प्रोसेसरची पिढी. ती सहावी आहे आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची यादी, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते. जुगाड करून ११ बसते, परंतु अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावर पोट आहे त्यावर हा प्रयोग मी करणार नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. आवृत्ती २२एच२ असावी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावे लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवल्यास त्याचे पैसेही पडत नाहीत. तेवढ्यात साध्या डिस्कच्या जागी एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) आणि रॅम ८ जीबी करून घ्या. तुमचा लॅपटॉप रखडतो तो बहुधा त्या डिस्कमुळेच.

पेन ड्राइव्हला वैतागलेला
वरील सल्ला योग्य आहे, मात्र वर्षभराने प्रश्न पुन्हा तोच उभा राहील. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या लिनक्स मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून ते लॅपटॉपवरचे काहीही न पुसता चालवून पाहता येते, तेव्हा आधी प्रिंटर आणि स्कॅनर चालतात का ते पाहून घ्या. रेमिंग्टनचा आराखडा लिनक्सवरच्या आयबस-एम१७एन या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून मिळतो. तो हिंदीसाठीचा असेल, तर ‘ळ’ कुठे बसला आहे ते पहिल्याच दिवशी बघा. तुमचे डोंगलवाले सॉफ्टवेअर मात्र तिथे चालेल असे धरून चालू नका.

काही जण सांगतील की विंडोज १० इंटरनेटशिवाय ठेवा, म्हणजे धोका नाही. टंकलेखनाच्या दुकानात तसे होत नाही, कारण दिवसाला वीस गिऱ्हाइकांचे वीस पेन ड्राइव्ह त्याच यंत्राला लागतात आणि माझ्याकडे दोनदा व्हायरस आला तो तिथूनच.

निवृत्त डीटीपी ऑपरेटर
तुमचा प्रश्न विंडोजचा कमी आणि फॉन्टचा जास्त आहे. जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचे चित्र बसवलेले असते, म्हणून फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल रोमन अक्षरांचा काला होऊन उघडते. तुम्ही ११ घ्या की लिनक्स घ्या, डोंगल बिघडले त्या दिवशी अकरा वर्षांचे मॅटर वाचता येणार नाही.

म्हणून आधी नमुने युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतात आणा. सगळे नव्हे, प्रतिज्ञापत्राचे दोन-तीन, भाडेकराराचा एक, असे जे रोज लागतात तेवढेच. परिवर्तक (फॉन्ट बदलून देणारे सॉफ्टवेअर) वापरून झाल्यावर डोळ्यांखालून घालणे मात्र टळत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, ती अदलाबदल परिवर्तक कधी कधी चुकवतो. माझ्याकडे ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द प्रत्येक फाइलमध्ये मोडला होता. आकडेही तपासा, कारण भाडेकरारातला एक आकडा चुकला तर गिऱ्हाईक परत येते ते भांडायलाच. बाकी जुन्या कामांची पीडीएफ करून ठेवा.

कचेरीसमोरचा टंकलेखक
सर्वांचे आभार. वाढीव अपडेटसाठी नोंदणी केली आणि एसएसडी बसवून घेतली. लॅपटॉप सुरू होईपर्यंत पूर्वी चहा पिऊन होत असे, आता कप हातातच असतो. मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. प्रिंटर लगेच सापडला, स्कॅनर अजून नाही. रोजचे नऊ नमुने युनिकोडमध्ये आणले असून ‘शेतकऱ्यांना’ माझ्याकडेही मोडला, शिवाय ‘सर्व्हे नंबर’मधला रफार दर वेळी पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. त्यासाठी शोधून बदलण्याची आज्ञा पुरते का, की प्रत्येक ठिकाणी हातानेच दुरुस्त करावे लागेल?

निवृत्त डीटीपी ऑपरेटर
एकच शब्द असेल तर पुरते. पण ‘सर्व बदला’ दाबू नका, एकेक ठिकाण पाहत पुढे जा. नाहीतर पक्षकारांची नावेही त्यात बदलून जातात.