'स्थळ', 'ठिकाण' की 'जागा'? नववीच्या वर्गात अडलेला शब्द

भूगोलाच्या बाई (सातारा): नववीच्या मुलांना मानवी भूगोलाची तोंडओळख करून देताना 'स्पेस' (नुसता मोकळा विस्तार) आणि 'प्लेस' (माणसांच्या राहण्याने ओळख लाभलेला भाग) या जोडीपाशी माझे घोडे अडले आहे. सातारा सुमारे १७°४१′ उत्तर अक्षांशावर आणि ७४° पूर्व रेखांशावर आहे, हे झाले त्याचे 'स्थान', आणि त्याबद्दल वाद नाही. परंतु अजिंक्यताऱ्याची पाठराखण, चढउतारांचे रस्ते, कंदी पेढे आणि इथे राहणाऱ्यांच्या आठवणी मिळून साताऱ्याला जे सातारापण येते, त्यासाठी मी फळ्यावर 'स्थळ' लिहिले आणि आपल्या परिसरातील एका स्थळाची वैशिष्ट्ये सांगण्यास सांगितले. मागच्या बाकावरून उत्तर आले, "बाई, मुलगा पुण्यात नोकरीला, घरी चार एकर बागायत." त्यानंतर तो तास माझ्या हाती राहिला नाही. 'स्पेस'साठी 'अवकाश' वापरावा, तर मुलांना रॉकेट दिसते. काय करावे?

हळदपेठ (सांगली): बाई, मुले हसली म्हणून परिभाषा टाकू नये. 'त्याला अजून अवकाश आहे' असे आपण वेळेबद्दल आजही म्हणतो. म्हणजे मोकळीक हा त्या शब्दाचा अर्थ रॉकेटच्या फार आधीचा आहे. तेव्हा 'अवकाश' आणि 'स्थळ' हीच जोडी ठेवावी. 'जागा' मात्र नको, कारण तो शब्द फारसीतून आलेला आहे.

माणदेशी: फारसी शब्द काढायचेच ठरले, तर निम्म्या तालुक्याच्या गावांची नावे बदलावी लागतील, कारण 'खुर्द' आणि 'बुद्रुक' हे दोन्ही तिकडूनच आले आहेत आणि त्यांच्यावाचून पत्रही नीट पोहोचत नाही. माझे मत 'ठिकाणा'ला. डोके ठिकाणावर नसते, माणसाचा ठावठिकाणा लागत नाही. या शब्दात मुक्काम आणि ओळख दोन्ही आहेत. आमच्या शेजारच्या विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी देशभरातील शहरांत पांगले आहेत. त्यांची जागा परमुलखात असते, पण जत्रेला येतात ते ठिकाणी. मुलांना इतकेच विचारावे, की ही माणसे याच दुष्काळी पट्ट्यातून का गेली? महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा, हे नकाशावर शेजारी शेजारी मांडले, की प्रश्न मुलेच विचारू लागतील. शब्द मागाहून सापडेल.

निवृत्त गुरुजी (वाई): आपल्याकडे ही जोडी खेड्यात तयार होती, याचे कोणाला स्मरण दिसत नाही. कसायची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती मिसळून वस्तीखालची जमीन पांढुरकी होते. जुन्या वसाहतींचा शोध घेणारे पुरातत्त्वज्ञही पांढरीची टेकाडे पाहत जातात. माणसांच्या राहण्याने जमिनीचा रंग पालटतो, यापेक्षा मानवी भूगोलाचा सोपा पहिला धडा मला तरी सुचत नाही.

भूगोलाच्या बाई (सातारा): गुरुजी, हे फार आवडले आणि मी ते वर्गात नक्की सांगेन. परंतु सदरबझारच्या मुलीला पांढरी कोठून दाखवू? शिवाय काळी ही 'स्पेस' नव्हे. तिला तर शेतकरी पांढरीइतकाच जीव लावतो.

हळदपेठ (सांगली): गुरुजींच्या मातीवरून आमच्या हरिपुरातील पेवे आठवली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या घट्ट मातीत अरुंद तोंडाचे खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवीत. पेव उघडले तरी माणूस लगेच आत उतरत नसे. आतली हवा कोंडलेली असल्याने आधी पेटता कंदील सोडून पाहत. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतील बहुतेक पेवे निकामी झाली. माती, नदी आणि बाजारपेठ यांचा संबंध शिकवायला याहून चांगले स्थळ कोणते?

माणदेशी: ठिकाण!

हळदपेठ (सांगली): बरे, ठिकाण. पण मग 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार या पेवावरूनच आला ना?

निवृत्त गुरुजी (वाई): धान्याच्या पेवावरून म्हणा. हळदीवर हक्क सांगण्याचे कारण नाही. वाईच्या बाजूलाही जोंधळ्याची पेवे होती आणि माझ्या आजोळच्या वाड्याच्या अंगणात त्यांतले एक मी स्वतः पाहिले आहे.

हळदपेठ (सांगली): गुरुजी, अंगणातले ते बळद, म्हणजे धान्याचे कोठार असेल.

निवृत्त गुरुजी (वाई): बळद भिंतीच्या आत असते. मी सांगतो ते जमिनीत होते आणि त्याच्या तोंडावर फरशी होती.

भूगोलाच्या बाई (सातारा): सोमवारी तिसरा तास आहे. तोवर 'स्पेस'साठी कोणाला काही सुचल्यास कळवावे.

माणदेशी: बाई, कळवतो. गुरुजी, आमच्याकडे बळद जमिनीखालीही असते बरे का.