बूथ प्रमुखांच्या रिकाम्या जागा भरायच्या आहेत, पण पत्र कोणाचं चालतं?

खालचीवाडी: आमच्या तालुक्यात ५२ बूथ. त्यातल्या ९ ठिकाणी बूथ प्रमुख नाही. तिघं पोटापाण्यासाठी मुंबईला, दोघं दुसऱ्या पक्षात, बाकीचे नुसते यादीत. तालुकाध्यक्षांनी लेटरहेडवर ९ नवी पत्रं काढली आणि तहसीलमध्ये नेऊन दिली. तिथे ‘ही चालत नाहीत’ म्हणून परत केली. मग नेमायचा अधिकार आहे तरी कोणाला?

भागक्रमांक: दोन पदांची गल्लत झालीय. बूथ प्रमुख हे पक्षाचं पद. त्याचं पत्र पक्षाच्या घटनेप्रमाणे निघतं, तहसीलचा त्याच्याशी संबंध नाही. तहसीलला हवा असतो बीएलए (बूथ लेव्हल एजंट), म्हणजे बीएलओच्या (मतदार यादीचं काम बघणारा बूथवरचा सरकारी कर्मचारी) जोडीला पक्षानं दिलेला माणूस. ही सोय निवडणूक आयोगाची आहे, तीही मान्यताप्राप्त पक्षांनाच.

त्याचे कागद दोन. ‘बीएलए-१’ हे अधिकारपत्र पक्षाचे अध्यक्ष किंवा सचिव देतात. बीएलए नेमायचा अधिकार कोणाला, ते त्यात असतं. त्या माणसाच्या सहीनं प्रत्येक बूथचा ‘बीएलए-२’ निघतो आणि मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे (ग्रामीण भागात बहुधा प्रांत) जातो. तालुकाध्यक्षांचं नाव ‘बीएलए-१’मध्ये नसेल तर त्यांची सही कितीही वळणदार असो, उपयोग नाही. ज्याच्या नावे जुनं अधिकारपत्र होतं तो पदावरून गेला असेल तर आधी नवीन ‘बीएलए-१’ मागवा. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं.

नेमायचा माणूस त्याच यादी भागातला (म्हणजे त्याच बूथच्या मतदार यादीतला) मतदार असावा. नोव्हेंबर २०२५ पासून आयोगानं सवलत दिलीय: भागात कोणी मिळत नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघातला कोणताही मतदार चालतो. सरकारी, निमसरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचा नोकर मात्र चालत नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई ‘आपलाच माणूस’ म्हणून घुसवू नका.

फॉर्मात भाग क्रमांक ताजी यादी समोर ठेवूनच लिहा. मतदान केंद्राला १२०० मतदारांची मर्यादा आल्यावर जिथे केंद्रं फुटतात तिथे भाग क्रमांक सरकतात. मागच्या वेळची बूथ यादी तशीच उतरवली की माणूस एका वाडीचा आणि फॉर्म दुसऱ्याच वाडीचा.

जुनी_कार्यकारिणी: संघटनेच्या बाजूचं सांगतो. आधी जागा खरंच रिकामी करा. गेलेल्याचा लेखी राजीनामा घ्या. देत नसेल तर कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव घेऊन इतिवृत्तात ‘पदमुक्त’ अशी नोंद करा. हे न करता नवं पत्र दिलंत की एका बूथवर दोन प्रमुख, दोघांच्याही खिशात पत्र, आणि भांडण नेमकं प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात.

पत्रात बूथ क्रमांक, वाड्यांची नावं, नेमणुकीची तारीख आणि ‘पुढील संघटनात्मक निवडणुकीपर्यंत’ ही ओळ हवी. घटनेत नेमायचा अधिकार जिल्ह्याकडे असेल तर तालुक्यानं ‘प्रभारी’ म्हणून नेमावं आणि मंजुरीला पाठवावं. त्याच दिवशी जुन्याकडून खुणा केलेली मतदार यादी, कोरी लेटरहेडं आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद काढून घ्या. माणूस पक्ष सोडून जातो, ग्रुप मात्र त्याच्याच हातात राहतो.

माणूस निवडताना भाषण करणारा नको. कोणत्या घरातलं कोण मुंबईला, कोण वारलं, कोणाची सून यंदा आली, हे सांगणारा हवा. कोकणात चाकरमान्यांना पद देऊ नका. गणपतीला तो दिसतो, यादीच्या पुनरीक्षणात नाही. बचतगट चालवणाऱ्या बाईंना विचारून बघा, त्यांना हे सगळं आधीच पाठ असतं.

खालचीवाडी: म्हणजे बूथ प्रमुख आणि बीएलए एकच माणूस ठेवला तर चालेल? आणि तोच मतदानाच्या दिवशी आत बसला तर?

भागक्रमांक: पहिली दोन्ही एकाकडे खुशाल द्या, पण काम समजावून. बीएलएला बीएलओकडे एका दिवसात १० पर्यंत अर्ज देता येतात, विशेष सखोल पुनरीक्षणात (एसआयआर, म्हणजे घरोघरी जाऊन यादीची तपासणी) प्रारूप यादी निघेपर्यंत ५०. सोबत ‘मी स्वतः पडताळणी केली’ असं प्रतिज्ञापत्र लागतं. ते खोटं निघालं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३१ लागतं. म्हणून घरी बसून भरलेल्या नमुना ७ च्या (नाव वगळण्याच्या) गठ्ठ्यावर सही करू नका.

मतदान प्रतिनिधी हे तिसरंच. विधानसभा-लोकसभेला तो पक्ष नेमत नाही, उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी नमुना १० वर नेमतो. बीएलएचं पत्र दाखवून केंद्रात बसता येत नाही.

जुनी_कार्यकारिणी: जिल्हा परिषदेसाठी घाई असेल तर एक लक्षात घ्या. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी गण-गटानुसार (गट जिल्हा परिषदेचा, गण पंचायत समितीचा) फोडतो. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीच्या गणात गेलेलं नाव जागेवर आणता येतं, नवीन नाव घालता येत नाही. त्यासाठी आधीच नमुना ६ (नवीन नाव नोंदवण्याचा अर्ज) भरलेला हवा. त्यामुळे ९ पैकी ज्या बूथवर नवमतदार जास्त, त्या जागा आधी भरा.