मदत हवी आहे: रविवारी रिसेप्शन, हॉलच्या सिस्टीमवर आपली गाणी लावायचीत

पाचपाखाडीची_ताई: रविवारी भावाचं रिसेप्शन आहे. गाणी आमचीच लावायची, तीन आठवडे बसून मी यादी केलीय. काल हॉलवर लावून पाहिली तर आवाज मध्येच जातो, परत येतो. मॅनेजर म्हणतो बाहेरचं म्युझिक चालणार नाही, लायसन्स आणा नाहीतर आमचा डीजे घ्या. काय करू? प्लीज लवकर सांगा.

नेरुळकर: हॉल की लॉन? माणसं किती? गाणी फोनवर, लॅपटॉपवर की पेन ड्राइव्हवर? वायर की ब्लूटूथ? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय?

दोन_मुलींचा_बाबा: ताई, सरळ डीजे घ्या. माझ्या थोरलीच्या वेळी आम्ही भाच्याला लॅपटॉपवर बसवलं होतं. पोरगं रात्री अकराला जेवलं, आणि एकाही फोटोत नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पाचपाखाडीची_ताई: काका, डीजे नकोच असं आईचं ठाम म्हणणं आहे. घोडबंदर रोडचा एसी हॉल, साडेतीनशे पान. फोनवरून ब्लूटूथने लावत होते.

मिक्सरवाला_कोपरखैरणे: मग दुखणं तिथेच आहे. काल रिकाम्या हॉलमध्ये आवाज तुटत होता, रविवारी माणसं भरल्यावर आणखी तुटेल. माणसाचं अंगच ब्लूटूथचा सिग्नल अडवतं. शिवाय कोणाचा फोन आला की गाणं बंद. वायर लावा.

पाचपाखाडीची_ताई: वायरपण लावून पाहिली. तिथल्या मुलाने दिली होती. त्यात तर गाणाऱ्या बाईचा आवाजच गायब, मागे नुसती वाद्यं. फाइल खराब आहे का?

मिक्सरवाला_कोपरखैरणे: हे आधी सांगायचं ना! फाइल चांगली आहे. त्याने फोनची स्टिरिओ पिन माइकच्या एकाच इनपुटला जोडली. तिथे डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक पुढे जातो. गायिकेचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो कापला जातो. एका टोकाला फोनची साडेतीन एमएमची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठे जॅक अशी वायर घ्या. हॉलच्या साउंड मिक्सरवर दोन वेगळ्या चॅनेलला लावा, एका चॅनेलचं पॅनचं बटण (आवाज डाव्या-उजव्या स्पीकरकडे वळवणारं) डावीकडे फिरवा, दुसऱ्याचं उजवीकडे. गाणी फोनमध्ये उतरवलेली असू द्या, नेटवर भरवसा नको. फोन फ्लाइट मोडवर.

खारघर_टेकडी: लायसन्सचं कोणी बोलत नाहीये. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए) वाचा. धार्मिक विधीत गाणं वाजवलं तर तो भंग ठरत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभ त्यातच धरलेत. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ ला तशी जाहीर सूचनाही काढली. छापून न्या.

दोन_मुलींचा_बाबा: कायदा कागदावर. आम्ही मुकाट पैसे भरले, ऐन लग्नात भांडण कोण करणार?

खारघर_टेकडी: काका, तुम्ही भरलेत म्हणून तिनेही भरायचे का? ताई, एक मात्र बघा. बुकिंगच्या पावतीवर ‘डीजे हॉलचाच’ अशी अट असेल, तर तो तुमचा आणि हॉलचा करार. त्याचा या कायद्याशी संबंध नाही.

माजिवड्याची_मावशी: रविवारी संध्याकाळी घोडबंदरला केवढं ट्रॅफिक असतं! पत्रिकेत साडेसात असेल तर पाहुण्यांना फोन करून साडेसहाला निघायला सांग गं.

पाचपाखाडीची_ताई: पावतीवर डीजेचा शब्दसुद्धा नाही, आत्ताच पाहिली. अजून एक. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी घरी वाजवलेल्या पेटीची कॅसेट आहे, ती मी एमपीथ्री करून घेतली. नवरा-नवरी स्टेजवर येताना ती लावायचीय, पण बाकीच्या गाण्यांपुढे आवाज फार बारीक येतो.

नेरुळकर: ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात कॅसेटची खरखर आधी काढा, नॉइज रिडक्शनमध्ये.

पाचपाखाडीची_ताई: खरखर काढायचीच नाहीये. मध्ये कुकरची शिट्टी आहे, तीही राहू दे. फक्त आवाज वाढवायचाय.

मिक्सरवाला_कोपरखैरणे: मग त्यातच अँप्लिफाय करा, आवाज फुटणार नाही इतकाच वाढवा. तरी कमी पडला तर बाकीच्या गाण्यांचा आवाज कमी करा. पेटी लागली की मिक्सरपाशी घरचं कोणीतरी हवं, हॉलच्या मुलावर सोडू नका. तेवढी पाच मिनिटंच. बाकी वेळ यादी आपोआप चालेल, काकांच्या भाच्यासारखं कोणाला उपाशी ठेवायला नको.

पाचपाखाडीची_ताई: आज दुपारी वायर घेऊन हॉलवर जाऊन आले. दोन जॅक लावल्यावर गाणाऱ्या बाईचा आवाज परत आला. मॅनेजरने सूचनेचा कागद ठेवून घेतला, मालकाला विचारून उद्या सांगतो म्हणाला. पेटी शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू येते, शिट्टीसकट. मिक्सरपाशी आई उभी राहणार आहे.