बी.कॉम.च्या एकाच वर्गात मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं: अकाउंट्स कसं शिकवावं?

महाल_कॉमर्स: नागपुरातलं कॉलेज, पहिलं सेमिस्टर. पुस्तक आणि फळा इंग्रजीत. बारावी मराठीतून किंवा हिंदीतून केलेल्या पोरांना नोंदी येतात, पण प्रश्न वाचतानाच ती गोंधळून राहिली आहेत. सगळ्या नोट्स 'अनुवादिनी' या यांत्रिक भाषांतराच्या साधनात टाकून तिन्ही भाषांत द्याव्यात का?

खतावणी: सगळ्या नोट्स नको. आधी शब्दपत्र करा. प्रत्येक धड्याला एक पान, 25-30 संज्ञा, चार रकाने: इंग्रजी, मराठी, हिंदी आणि नोंदीचं उदाहरण. चौथा रकाना गाळू नका. नुसता प्रतिशब्द पाठ होतो, पण खातं डेबिट करायचं की क्रेडिट, ते कळत नाही.

मराठीला बालभारतीचं 'पुस्तपालन व लेखाकर्म' धरा, हिंदीला एनसीईआरटीचं 'लेखाशास्त्र'. मुलांच्या कानावरचे शब्द तेच आहेत आणि दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. तिथे संज्ञा नसेल, तरच केंद्राच्या शब्दावली आयोगाचं (पारिभाषिक शब्द ठरवणारी संस्था) 'शब्द' पोर्टल उघडा.

उदाहरणार्थ, 'ड्रॉइंग्ज' ही संज्ञा घ्या. मराठीत उचल, हिंदीत आहरण. मालकाने घरखर्चाला 2,000 रुपये रोख नेले, तर उचल खातं डेबिट, रोख खातं क्रेडिट. संदर्भ नसेल तर यंत्र इथे 'रेखाचित्रे' लिहू शकतं, आणि 'बॅड डेट्स'चं, म्हणजे बुडीत कर्जाचं, 'वाईट कर्ज' करू शकतं. म्हणून यंत्राकडे फक्त स्पष्टीकरणाचे परिच्छेद द्या, संज्ञा शब्दपत्रातल्या घाला आणि विषय शिकवणाऱ्याने ओळ न् ओळ वाचल्याशिवाय काही वाटू नका.

तासाला नवा नियम सांगून झाला की एका भाषेच्या तिघा-चौघांना 5 मिनिटं आपापसात बोलू द्या. मग गणित. ही 5 मिनिटं वाया जात नाहीत. नियम समजला की नाही, ते तेव्हाच उघड होतं.

तेरीज_जुळली: पेपरचंही बघा. तीन भाषांचे तीन वेगळे पेपर काढले, की एकात 15,000 आणि दुसऱ्यात 51,000 छापून येतं. प्रश्न एकाखाली एक तिन्ही भाषांत द्या. तेरजेचा (ट्रायल बॅलन्सचा) तक्ता मात्र एकच, आकडे एकदाच, खात्यांची नावं तिन्ही भाषांत.

टायपिंग युनिकोडमध्येच हवं. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण आत साठवलेली असतात रोमन अक्षरंच. कन्व्हर्टर लावलात, तर रफार आणि पहिली वेलांटी हाताने तपासा. घसरतात ती हीच.

नमुना उत्तरं तिन्ही भाषांत करून तपासनिसांना आधीच द्या. हिंदी उत्तरात कोणी डेप्रिसिएशनला 'ह्रास'ऐवजी मराठी 'घसारा' लिहिलं, तर गुण कापायचे नाहीत, हे त्यातच लिहून ठेवा. भाषेपायी पोरांचे गुण जाणं हा अन्याय आहे.

महाल_कॉमर्स: गडचिरोलीकडची काही मुलं घरी गोंडी बोलतात. त्यांच्यासाठी?

खतावणी: गटात गोंडीतच बोलू द्या. पारिभाषिक शब्द मात्र घडवत बसू नका. उचल, घसारा हे त्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्यापैकी ज्याला नियम पक्का कळलाय, त्याची हरकत नसेल तर त्याच्याकडून गोंडीत 2-3 मिनिटांचा ऑडिओ करून घ्या आणि शब्दपत्रासोबत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. एका ऑडिओत एकच नियम, म्हणजे परीक्षेच्या आधी हवा तो लगेच सापडतो.