मदत हवी आहे: ७ वर्षांचा मुलगा वाचताना अडतो, तीन लिप्यांचा गोंधळ की एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली विशिष्ट अडचण)? (बडोदा)

नमस्कार. आम्ही दांडिया बाजारजवळ राहतो. मुलगा दुसरीत आहे. घरात मराठी, शेजारीपाजारी गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची. गुजराती विषय शाळेत आहेच, मराठी मी घरी शिकवते.

गोष्ट वाचून दाखवली की त्यातलं बारीकसारीक त्याला आठवडाभर आठवतं. तोंडी बेरीज झटकन करतो. पण पुस्तक समोर आलं की पहिलं अक्षर बघून अंदाजाने शब्द ठोकतो. 'कागद'चं 'काका', 'पाऊस'चं 'पाणी'. वरच्या ओळीत नीट वाचलेला शब्द दोन ओळींनंतर पुन्हा अनोळखी. वेलांट्या गळतात, जोडाक्षर आलं की थांबतोच. वार अजून क्रमाने सांगता येत नाहीत. बोलायलाही उशिरा लागला होता. हल्ली शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं म्हणतो, रविवारी मात्र दुखत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

शाळेतून उत्तर आलं, "तीन भाषांमुळे होतंय, मोठा झाला की येईल." सासूबाई म्हणतात, त्याचे काकाही वाचायला उशिराच शिकले. लिप्यांचा घोळ होतो हे मला पटतं. गुजराती पाचचा आकडा आपल्या 'प'सारखा दिसतो, अक्षरांवर शिरोरेघ नसते. पण "कमळ मधला क काढला तर काय उरेल?" हेही त्याला सांगता येत नाही. हे तर तोंडी आहे, यात लिपी कुठे आली?

एलडीचं प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांनंतर मिळतं असं ऐकलं. तोवर थांबायचं का? तपासणी कुठल्या भाषेत होते? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

ताई, थांबू नका. मी विशेष शिक्षिका आहे. ८ वर्षांची अट प्रमाणपत्रासाठी आहे, मदत आजपासून सुरू करता येते. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या एलडी चाचणीसंचात ५ ते ७ वयासाठी वेगळा स्तर आहे.

तुमचा 'कमळ'चा प्रश्न अगदी नेमका आहे. या वयात अक्षरं उलटी लिहिणं पुष्कळ मुलांत दिसतं, त्यावरून काही ठरत नाही. शब्दातले आवाज सुटे करता न येणं मात्र डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनाशी संबंधित एलडीची, मोठी खूण आहे. अनेक भाषा कानावर पडल्याने डिस्लेक्सिया होत नाही. उलट सगळं भाषांवर ढकललं की तो लक्षात यायला उशीर होतो. काकांचं आणि उशिरा बोलण्याचं तपासणाऱ्यांना नक्की सांगा, ही अडचण बऱ्याचदा घराण्यात असते.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. सयाजी हॉस्पिटलच्या बालरोग विभागापासून सुरुवात करता येईल. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी आहे ना, हे विचारा. वाचन-लेखन शाळेच्या भाषेत तपासतील. तोंडी भाग मराठीतही घ्या असा आग्रह धरा.

शाळेला लेखी पत्र द्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार एलडी लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात बदल करणं ही शाळेचीही जबाबदारी आहे. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद मिळाला तरी त्याचा ताण हलका होईल.

घरी सध्या मराठी लिहून घेणं बंद ठेवा. आवाजांचे खेळ आणि गोष्टी चालू ठेवा. वह्या रद्दीत देऊ नका, तपासणीच्या दिवशी त्या सोबत न्या.