सावळ्या हातांवर फिकट चमकदार नेलपॉलिश : चैत्रासाठी कुठल्या छटा घ्याव्यात?

गोदाकाठ (नाशिक)

मी बँकेत कॅश काउंटरला बसते. दिवसभर लोकांना माझा चेहरा कमी आणि हात जास्त दिसतात, म्हणून नखं नीटनेटकी ठेवायची सवय पहिल्यापासून आहे. आजवर मरून, डाळिंबी, कॉफी याच रंगांत राहिले. यंदा फिकट, पण वर धातूची चमक असलेले रंग लावायचे आहेत. दुकानात त्यांना 'मेटॅलिक पेस्टल' म्हणतात.

हे मनात आलं ते आमच्या शाखेसमोरच्या पिंपळामुळे. फाल्गुन संपता संपता त्याला पालवी फुटते. ती आधी हिरवी नसतेच, तांबूस गुलाबी असते आणि दुपारच्या उन्हात एकेक पान चकाकतं. आंब्याची कोवळी पानंही तशीच, जांभळट तांबडी, तुकतुकीत. कडुलिंब पोपटी सोनेरी. जाहिरातीत वसंत म्हणून जे दाखवतात ते पांढऱ्यात कालवलेलं गुलाबी आणि पांढऱ्यात कालवलेलं निळं. आपला चैत्र तसा दिसत नाही. त्याचे रंग हलके असले तरी लखलखीत असतात, आणि मला नखांवर तेच हवे आहेत.

दुकानात मागितलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या स्किनटोनला हे नाही जाणार, मरून बघा ना." माझा रंग चांगला गडद सावळा आहे. मला तो आवडतो आणि तिचं म्हणणं मला पटलं नाही. तीन बाटल्या घेऊन घरी आले. आता अडचणी सांगते.

लॅव्हेंडर लावला तर नखांवर खडू घासल्यासारखं दिसतंय, बोटं उगाच काळपट वाटतात. मिंट सुंदर चमकतो, पण ब्रशचा प्रत्येक फराटा दिसतो, दुसरा कोट दिला की जास्तच. तिसरा पीच, थोडी सोनेरी झाक असलेला. हा हाताला फार छान दिसला, पण दोन जेवणांत हळदीने पिवळा पडला. आमच्याकडे वरणभात हातानेच खातात आणि ते काही बदलायचं नाही.

चैत्रात भाचीचं लग्न आहे. माझी साडी अबोली, सोनेरी जरीकाठाची. आदल्या दिवशी हळद. जाणकारांनी सांगावं : खडूसारखं दिसू नये म्हणून बाटली पारखायची कशी, फराटे कसे घालवायचे आणि हळदीचं काय करायचं?


पार्लरवाली (सातारा)

ताई, सर्वांत आधी त्या मुलीच्या वाक्याबद्दल. "तुमच्या रंगाला नाही जाणार" हे ऐकून परत फिरलेल्या बायका माझ्या खुर्चीत येऊन बसतात आणि हात पदराखाली घेतात. मला याचा मनापासून राग येतो. फिकट रंग सावळ्या हातावर खुलतो. खुलत नाही तो पांढरा. बहुतेक फिकट नेलपॉलिशमध्ये रंग चिमूटभर असतो आणि पांढरं भरपूर. गोऱ्या हातावर ते पांढरं लपतं, आपल्या हातावर वर येऊन बसतं. दोष बाटलीत आहे, बोटांत नाही.

पारख अशी करा. दुकानात पांढऱ्या प्लास्टिकच्या नखांवर रंग लावून ठेवलेले असतात, त्यांच्यावर अजिबात जाऊ नका. पांढऱ्यावर सगळंच गोड दिसतं. पर्समध्ये साधी पारदर्शक चिकटपट्टी ठेवा. तिच्या गुळगुळीत बाजूवर टेस्टरचा एक पातळ कोट द्या, मिनिटभर थांबा आणि पट्टी आपल्या नखावर धरून दुकानाबाहेर उजेडात या. ट्यूबलाइटखाली ठरवू नका. पट्टीतून खालचं बोट थोडं जाणवत असेल तर रंग घ्या. एका कोटातच चुना लावल्यासारखं झाकलं गेलं तर ठेवून द्या.

आता तो लॅव्हेंडर फेकू नका. त्यात थोडी जरी चमक असेल तरी उपाय आहे. खाली मातकट तपकिरी किंवा करड्या रंगाचा एक कोट द्या, तो पूर्ण सुकू द्या आणि वर लॅव्हेंडर अगदी पातळ ओढा. खालचा गडदपणा वरच्या चमकेला उठाव देतो. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून हात हलला की रंग पालटतो, तसंच नखावर दिसतं. माझ्याकडे नवऱ्या मुली आता हे मागून घेतात.

फराट्यांचं : मेटॅलिक रंग साध्या रंगासारखा हळूहळू, परत परत फिरवून लावायचा नसतो. ब्रशवर पुरेसा रंग घ्यायचा, मुळापासून टोकापर्यंत मधोमध एक सरळ ओढ, मग दोन्ही कडांना एकेक. थांबायचं. अर्धवट सुकलेल्यावर ब्रश गेला की फराटा पडणारच. दुसरा कोट ब्रशने देऊच नका. मेकअपच्या स्पंजचा छोटा तुकडा कापा, त्यावर रंग घ्या आणि नखावर हलके टिपत जा. फराटे गायब. आजूबाजूला लागलेलं नंतर इअरबडने पुसायचं. नखांवर उभ्या रेषा असतील (चाळिशीनंतर बहुतेकींना असतात) तर आधी 'रिज फिलर' म्हणून मिळतो तो बेसकोट (रंगाच्या आधी लावायचा थर) द्या, नाहीतर चमकेमुळे त्या रेषा दुप्पट उठून दिसतात.

आणि पंखा बंद. मार्चच्या उन्हाळ्यात पंख्याखाली नखं सुकवली की वरचा थर आधी आवळतो, आतलं द्रावण बाहेर पडताना बुडबुडे येतात. बाटलीही जोरात हलवू नका, दोन तळव्यांत धरून फिरवा.

हळदीबद्दल रात्री लिहिते, आता गिऱ्हाईक आलंय.


रंगारी (ठाणे)

मी गाड्यांच्या रंगांच्या प्रयोगशाळेत काम करतो, तरी इथे लिहायचा मोह आवरत नाही, कारण मेटॅलिक गाडीचा रंग आणि मेटॅलिक नेलपॉलिश यांचं शास्त्र जवळजवळ एकच आहे. दोन्हींचं मूळही एकच : १९२० च्या दशकात गाड्यांसाठी नायट्रोसेल्युलोजचे झटपट सुकणारे लॅकर आले आणि आजही नेलपॉलिशचा पापुद्रा नायट्रोसेल्युलोजचाच असतो.

पार्लरवाली ताईंनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे, त्यामागचं कारण मांडतो. पांढरं म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याची बारीक पूड प्रकाश सगळीकडे विखुरते, म्हणून खडूसारखं दिसतं. चमकेचे रंग वेगळे. त्यांत अभ्रकाच्या अतिसूक्ष्म चपट्या पापुद्र्यांवर त्याच टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ, एकसंध थर चढवलेला असतो. थर साधारण ५० नॅनोमीटर असेल तर रुपेरी चमक येते, जाडी वाढत गेली की सोनेरी, मग तांबूस, निळी आणि हिरवी. रंगद्रव्य काहीच नाही, फक्त थराची जाडी. हा रंग परावर्तित प्रकाशातून येतो, म्हणून पांढऱ्यावर तो विरतो आणि गडद पार्श्वभूमीवर झळकतो. सावळ्या हाताला मेटॅलिक पेस्टल साध्या पेस्टलपेक्षा शोभतं ते यामुळे.

फराट्यांचं कारणही हे चपटे कणच. ब्रश ज्या दिशेने जातो त्या दिशेने ते आडवे पडतात आणि द्रावण उडालं की तिथेच अडकतात. स्पंजने टिपल्यावर त्यांना दिशाच राहत नाही. गाडीला आम्ही स्प्रे करतो, तोही याचसाठी.

तुमच्या पिंपळाच्या पालवीसाठी एक नेमकी गोष्ट सांगतो. अभ्रकावर टायटॅनियमऐवजी लोहाच्या ऑक्साइडचा थर दिला की तांबं, कांस्य अशा छटा येतात. बाटलीच्या वेष्टनावर सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्यांचे ठरलेले क्रमांक) ७७४९१ हा लोहाच्या ऑक्साइडचा क्रमांक शोधा, सोबत सीआय ७७०१९ म्हणजे अभ्रक. सीआय ७७८९१ हे टायटॅनियम. ते बहुतेक सगळ्यांत असतं आणि रंग यादीच्या शेवटी कुठल्याही क्रमाने छापता येतात, त्यामुळे ते किती आहे हे वाचून कळत नाही. तिथे चिकटपट्टीच खरी. सीआय ७७००० दिसलं तर त्यात ॲल्युमिनियम आहे, म्हणजे आरशासारखी चमक. त्यावर नेहमीचा टॉपकोट (रंगावरून द्यायचा पारदर्शक थर) दिला तर चमक बऱ्याचदा मंदावते, पाण्यावर आधारित टॉपकोट घ्यावा.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचं बरंच अभ्रक झारखंडमधल्या कोडरमा, गिरिडीह भागातून येतं. तिथे बंद पडलेल्या खाणींभोवती 'ढिबरा', म्हणजे अभ्रकाचा चुरा वेचायला लहान मुलंही जातात. दरड कोसळून माणसं दगावतात. हे बदलावं म्हणून २०१७ मध्ये काही कंपन्या आणि संस्थांनी रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह सुरू केला. तेवढ्याने तिथल्या घरांच्या रोजीचा प्रश्न सुटत नाही, त्यामुळे 'अभ्रक नकोच' हेही मला सोपं उत्तर वाटत नाही. पण घेताना कंपनी आपलं अभ्रक कुठून आणते हे विचारावं. प्रयोगशाळेत बनवलेलं अभ्रकही असतं, यादीत 'सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट' असं लिहितात. ते जास्त स्वच्छ आणि पारदर्शक असल्याने फिकट छटा त्यात उलट उजळ येतात.


तुळशीकट्टा (रत्नागिरी)

चांगली माहिती. मोत्यासारख्या चमकेत माशाच्या खवल्यांचं काही असतं असं ऐकलंय, खरं का? आमच्याकडे सोवळं आहे, म्हणून विचारते.


रंगारी (ठाणे)

हो, काहींत असतं. खवल्यांपासून मिळणारं ग्वानीन, सीआय ७५१७०. आता बहुतेक ठिकाणी अभ्रकच वापरतात, पण तो क्रमांक बघून घ्या.


रातपाळी (मिरज)

मी नर्स आहे. नखांचा रंग कुठलाही लावा, पण घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी उतरवून जा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवतो आणि गडद किंवा धातूच्या थरामुळे आकडा चुकू शकतो. शिवाय नख निळसर पडतंय का हे आम्हाला डोळ्यांनी पाहायचं असतं. साधं नेलपॉलिश आम्ही रिमूव्हरने काढतो, जेल नेलपॉलिश (दिव्याखाली कडक करतात ते) असेल तर रुग्ण टेबलावर असताना ते घासत बसायला वेळ नसतो. बाळंतपणाच्या तारखेजवळ आलेल्या मुलींना तर मी मुद्दाम सांगते.


पार्लरवाली (सातारा)

आले. हळद.

हळदीचा डाग वरच्या पापुद्र्यात मुरतो, म्हणून रोज साबणाने घासून फक्त चमक जाते. जेवण झाल्यावर आधी बोटांना थोडं खोबरेल तेल चोळा, मग साबण. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात नाही. तरी पिवळेपणा राहिला तर गच्चीवर उन्हात हात धरून थोडा वेळ बसा. वाळत घातलेल्या कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपण सगळ्याच बघतो, नखावरही तोच नियम. दर दोन दिवसांनी टॉपकोटचा पातळ हात द्या आणि तो नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवा. भांडी घासणाऱ्या हाताचा रंग नेहमी त्या कडेपासूनच सुटतो.

पीच रंगावर पिवळा डाग त्यातल्या त्यात खपून जातो. मिंट आणि लॅव्हेंडरवर लगेच कळतो. म्हणून लग्नाला त्या दोन्ही नकोत. अबोली साडी आणि सोनेरी जर म्हटल्यावर मी तुम्हाला तांबूस गुलाबीच सांगेन, तुमचा पिंपळ. अबोलीला अबोलीच जुळवायला जाऊ नका. साडीचा रंग नखावर आणला की हात वेगळे दिसत नाहीत. जरीला जुळवा.


गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. रंगारी, तुम्ही सांगितलेला क्रमांक घेऊन काल दुकानात गेले (वेगळ्या). ७७४९१ असलेल्या दोन बाटल्या मिळाल्या. एक जास्त तपकिरी होती. दुसरी चिकटपट्टीवर लावून रस्त्यावर आले आणि उन्हात धरली. तांबूस, आत गुलाबी, बोट हललं की सोनेरी कड. हाच रंग. माझ्या हातावर तो इतका खुलला की मी तिथेच दोन्ही हातांना लावून घेतला.

मिंटसुद्धा स्पंजने लावून पाहिला, करड्या कोटावर. एकही फराटा नाही, आणि रंग कडुलिंबाच्या पालवीकडे झुकलाय. तो ऑफिससाठी. आज काउंटरवर एका आजींनी पैसे मोजायचे थांबवून विचारलं, कुठला गं रंग हा? त्यांचा हात माझ्याहून गडद होता. मी चिकटपट्टीची युक्ती त्यांना लिहून दिली.

अभ्रकाचं वाचून अस्वस्थ झाले. या कंपनीला ईमेल करून विचारलं आहे, उत्तर आलं की इथे टाकेन.

पार्लरवाली ताई, एकच राहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद कालवायला मीच असणार. नखं त्या दिवशी रिकामी ठेवू का?


पार्लरवाली (सातारा)

रिकामी मुळीच नको. उघड्या नखाला हळद सर्वांत घट्ट बसते, वाढून जाईपर्यंत राहते. हळदीच्या दिवशी सकाळी बिनरंगी बेसकोटचे दोन हात द्या, नखाखालच्या बाजूलाही थोडा. कार्यक्रम संपला की ॲसिटोनच्या रिमूव्हरने तो काढा, डाग त्याच्याबरोबर निघून येईल. मग हात धुऊन पूर्ण कोरडे करा, रिमूव्हरचा एक शेवटचा हात फिरवून तेलकटपणा घालवा आणि तांबूस रंग लावा. हे रात्री जेवणानंतर लगेच करा, झोपायच्या वेळी नको. वरून कोरडं वाटलं तरी आतला थर तासन्‌तास मऊ असतो आणि सकाळी नखांवर चादरीची वीण उमटलेली दिसते. लग्नघरात गाद्या टाकायची घाई असते, तेव्हा कुणाला तरी आधीच सांगून ठेवा की तुमची गादी दुसरं कुणीतरी घालेल.

बाटली घट्ट झाली तर त्यात रिमूव्हर ओतू नका, थिनर मिळतो, त्याचे दोन थेंब पुरतात. फोटो टाका.