खाजण की लगून? (आणि तो मासा नक्की कोणता?)

मेव्हण्याने लक्षद्वीपला, अगत्तीजवळ पाण्याखाली काढलेले फोटो बालगंधर्व कलादालनात लागणार आहेत. मराठी ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात. एक मासा पांढरा, अंगावर दोन रुंद काळे पट्टे, पाठीवर लांब पांढरा तुरा, शेपटी पिवळी. मी लिहिलंय : 'मूरिश आयडॉल. अधिवास : खाजण.' लगूनला, म्हणजे प्रवाळभित्तीच्या आतल्या उथळ पाण्याला, शाळेत खाजणच शिकलो होतो. चालेल ना?

— शेपटी पिवळी? मग मूरिश आयडॉल नव्हे. त्याची शेपटी काळी, तोंड नळीसारखं पुढे आलेलं आणि त्यावर पिवळं खोगीर. तो सर्जन माशांच्या नात्यातला. तुमचा बहुतेक हेनिओकस अक्युमिनेटस, फुलपाखरू माशांच्या कुळातला. थवा होता की जोडी? मोठ्या थव्याने फिरणारा त्याचा एक भाऊबंद हुबेहूब तसाच दिसतो.

— दोघंच होते म्हणे.

— मग अक्युमिनेटसच धरा. ग्रीकमध्ये हेनिओकस म्हणजे लगाम धरणारा. आपला सारथी! तो तुरा पाहिला की पटतं. 'सारथी मासा' लिहायला माझी हरकत नाही, फक्त खाली शास्त्रीय नाव द्या. रूढ मराठी नाव म्हणून खपवू नका.

— दादा, माशाचं ठीक आहे, पण खाजण काढा. माझं माहेर गुहागरकडचं. आमच्याकडे खाजण म्हणजे खाडीकाठची खारवट जमीन. भरतीचं पाणी आत येतं, गुडघाभर चिखल, कांदळवन, खेकडे, निवट्या. पोवळ्यांना नितळ पाणी आणि ऊन लागतं, गाळ बसला की ती गुदमरतात. पोवळ्यांच्या आधाराने राहणारा हा मासा खाजणात कशाला येईल? पाठ्यपुस्तकाने शब्द उचलला, त्यातला चिखल मागेच राहिला.

— विश्वकोशात लगूनला खारकच्छ आहे.

— आहे, पण कलादालनात लोक विचारतील, 'गुजरातमध्ये का हो हे?' सरळ लगून लिहा की. कंकणद्वीप मात्र जरूर वापरा, अ‍ॅटॉलला इतका चपखल शब्द दुसरा नाही. बांगडीसारखी प्रवाळभित्ती, आत उथळ पाणी. चित्रच उभं राहतं.

— मग असं करतो : 'सारथी मासा, हेनिओकस अक्युमिनेटस. कंकणद्वीपाच्या आतलं उथळ, नितळ लगून, प्रवाळाच्या आसपास.' आता मेव्हण्याला सांगायचं राहिलं. त्याने निमंत्रणपत्रिकेवर मूरिश आयडॉल छापून झालाय.